बहात्तर मतें

काल्पनिक माणसाच्या मृत्यूचें सुतक खऱ्या माणसानें किती दिवस पाळावें, या प्रश्नाचा निकाल आमच्या घरीं अद्याप लागावयाचा आहे. प्रश्न निघाला तो असा. २०२४ सालच्या आषाढांत आमच्या थोरल्या बंधूंचा नातू सुटीसाठीं अमेरिकेहून पुण्यास आला. वय चौदा, मराठी बोलतांना अडखळे, पण ऐकतांना एक शब्द सुटत नसे. बाहेर पावसाची झड, त्यामुळें स्वारी दिवसभर माजघरांत मातोश्रींच्या शेजारीं पालथी पडून चित्रांचीं पुस्तकें वाचीत असे. मातोश्रींचें वय अठ्ठ्याऐंशी. पण डोळा अजून इतका चांगला कीं त्या चष्म्यावांचून वाती वळतात, आणि वळतां वळतां शेजारच्याच्या पुस्तकांत डोकावतात.

एके दुपारीं त्यांनीं विचारलें, "काय रे, दोन्ही पुस्तकांत चित्रं सारखीच दिसताहेत. मग दोन कशाला आणलीस?"

"सारखी नाहीत, पणजी. ह्यात तो मुलगा मरतो. ह्यात जगतो."

"मग खरं कुठलं?"

"मरतो ते. लोकांनी फोन करून ठरवलं."

मातोश्रींच्या हातांतली वात तशीच राहिली. "पोराला मारायचं की ठेवायचं, हे लोकांना विचारलं? आणि लोकांनी सांगितलं?"

ज्या वाचकांस हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. बॅटमन हा अमेरिकन चित्रकथांतील एक विख्यात वीर. जन्म १९३९ सालचा. सुपरमॅनप्रमाणें तो परग्रहावरून आलेला नाहीं, आणि त्याच्या अंगीं कोणतीहि दैवी शक्ति नाहीं. लहानपणीं डोळ्यांदेखत आईबाप मारले गेले म्हणून वटवाघळाचा वेष घेऊन रात्रीं गुन्हेगारांच्या मागें लागणारा हा एक धनाढ्य गृहस्थ. नायक एकटा असला म्हणजे लेखकाची पंचाईत होते. त्यानें बोलावें कोणाशीं? शेरलॉक होम्सला वॉटसन होता तसा यासहि कोणी सोबती हवा, असें लेखक बिल फिंगर यांस वाटलें, आणि १९४० सालीं रॉबिन हा पोर त्याच्या जोडीस आला. मूळ नांव डिक ग्रेसन. सर्कशींत झोक्यावर कसरती करणाऱ्या आईबापांचा अनाथ मुलगा. हा चाळीस वर्षांहून अधिक काळ रॉबिनच राहिला. पुढें लेखकांनीं त्यास वाढूं दिलें, आणि १९८४ सालीं नाइटविंग असें नवें नांव घेऊन तो स्वतंत्र झाला. मागें राहिलेल्या लाल-हिरव्या अंगरख्यांत दुसरा मुलगा शिरला. त्याचें नांव जेसन टॉड.

आमच्या पिढीस असा वारसा नवा वाटूं नये. इंद्रजाल कॉमिक्समधून आम्हीं मराठींत जो वेताळ वाचला, त्याच्या घराण्यांत बाप मेला कीं मुलगा तोच मुखवटा चढवीत असे, आणि जंगलांतल्या लोकांस तो अमरच वाटे. पण तेथें गादीवर येणारा औरस असे. येथें थोरल्या, लाडक्या मुलाच्या कपड्यांत एक परका पोरगा आणून उभा केला होता, आणि अशा पोराकडे घर कसें पाहतें हें सांगावयास नको.

१९८३ सालीं प्रथम दिसलेला जेसन पहिल्याची सरळ नक्कल होता: तोहि सर्कशींतला, तोहि अनाथ. १९८७ सालीं त्याचें पूर्वचरित्रच बदलण्यांत आलें. आतां तो गल्लीबोळांत वाढलेला आणि बॅटमनच्याच मोटारीचे टायर चोरतांना सांपडलेला मुलगा झाला. मला विचाराल तर चित्रकथेंत याहून झकास प्रवेश क्वचितच कोणाचा झाला असेल. ज्याच्या नांवानें सारें शहर कांपतें त्याच्याच गाडीचीं चाकें काढून नेणारें पोर! पण पुष्कळ वाचकांनीं त्यास जवळ केलें नाहीं. तो उद्धट आहे, संतापी आहे, सांगितलेलें ऐकत नाहीं, असा बोभाटा सुरू झाला. त्यांतच १९८८ सालीं एका गोष्टींत एका राजदूताचा दुराचारी मुलगा गच्चीवरून पडून मेला. जेसननें ढकलला कीं आपण होऊन पडला, हें चित्रांत दाखविलेलेंच नाहीं. जेसन म्हणतो, मला पाहून दचकला आणि घसरला. त्यावर कितपत विश्वास ठेवावा हें वाचकांवर सोडलेलें आहे.

ही गोष्ट लिहिणारे जिम स्टार्लिन यांस मुळांत हा पोरसवदा साथीदारच मान्य नव्हता. स्वतः काळे-करडे कपडे घालून अंधारांत लपावयाचें आणि लहान मुलास भडक रंगांत पुढें पाठवावयाचें, हा मुलांचा छळच होय, असें त्यांचें मत त्यांनीं अनेकदां बोलून दाखविलें आहे. मत अगदींच टाकाऊ नाहीं.

संपादक होते डेनी ओनील. पूर्वीं, १९८२ सालीं, अमेरिकन दूरचित्रवाणीवरील एका विनोदी कार्यक्रमांत जिवंत शेवंड उकडावा कीं सोडावा यावर प्रेक्षकांचीं मतें टेलिफोननें मागविलीं होतीं. तें ओनील यांच्या लक्षांत होतें. शेवंडाचें ठीक आहे. ओनील यांनीं तीच युक्ति मुलास लावली. 'बॅटमन'च्या ४२७ व्या अंकांत टेलिफोनचे दोन क्रमांक छापले: एक मुलानें जगावें म्हणणारांसाठीं, दुसरा मरावें म्हणणारांसाठीं. दर खेपेस पन्नास सेंट. मुदत १५ व १६ सप्टेंबर १९८८, सुमारें छत्तीस तास. पुढील अंकाचीं जरूर तीं पानें चित्रकार जिम अपारो यांनीं दोन्ही प्रकारें काढून ठेविलीं होतीं. मतें आलीं १०,६१४. जगावा म्हणणारीं ५,२७१. मरावा म्हणणारीं ५,३४३. अंतर बहात्तरांचें. पैशांत मोजलें तर छत्तीस डॉलर.

आतां मत देणारांच्या हातीं जो अंक होता त्यांत काय होतें तें पाहा. आपण जिला आई समजत होतों ती आपली जन्मदात्री नव्हती, हें जेसनला जन्मदाखल्यावरून कळतें. दाखला पाण्यानें खराब झालेला; खऱ्या आईच्या नांवाचें पहिलें अक्षर तेवढें लागतें. तेवढ्या अक्षरावर मुलगा लेबनॉन, मग इथिओपिया असा तिच्या शोधांत फिरतो. इथिओपियांत दुष्काळग्रस्तांना मदत करणाऱ्या लोकांत ती सांपडते. आणि तीच त्यास जोकर नांवाच्या नराधमाच्या हवालीं करते, कारण तिचीं जुनीं पापें जोकरला ठाऊक असतात. जोकर लोखंडी पहारेनें मुलास झोडपतो, मायलेकांना कोठारांत कोंडतो आणि स्फोटकें लावून निघून जातो. रक्तानें माखलेला मुलगा आईचीं बंधनें सोडवितो, तिला घेऊन दारापर्यंत जातो. दार बंद. स्फोट होतो आणि अंक संपतो. पुढच्या अंकांत मरणोन्मुख आई बॅटमनला सांगते कीं मुलानें आपलें अंग मध्यें घालून तिला आड केलें.

हें वाचून लोकांनीं ५,३४३ वेळां दुसरा क्रमांक फिरविला. सगळेच निर्दय होते असें म्हणवत नाहीं. कोणी थट्टेनें फिरविला असेल. कोणास वाटलें असेल कीं एवढ्या मोठ्या मासिकाचे चालक लाडकें पात्र खरोखर कसे मारतील! एकाच गृहस्थानें यंत्राकडून तो क्रमांक पुन्हां पुन्हां फिरवून घेतल्याची वदंता पुढें ओनील यांनींच सांगितली. मतदान म्हटलें कीं माणशीं एक मत हें आपण धरून चालतों. येथें नाण्याला एक मत होतें.

निकाल छापून आल्यावर जें झालें तें संपादकांच्या स्वप्नींहि नव्हतें. बातमी दैनिकांत गेली. ज्यांनीं वीस वर्षांत चित्रकथा हातीं धरली नव्हती अशा माणसांस वाटलें कीं आपल्या लहानपणचा रॉबिनच मारला. दोन रॉबिन होऊन गेले हें त्यांच्या गांवींहि नव्हतें. फ्रँक मिलरसारख्या नामांकित चित्रकथाकारानेंहि या प्रकाराचा कडक शब्दांत निषेध केला. स्टार्लिन सांगतात कीं कंपनीच्या माल विकणाऱ्या खात्याचा रोष त्यांच्यावर झाला, कारण मुलांच्या कपड्यांवर आणि डब्यांवर रॉबिनचें चित्र असे, आणि मेलेल्या मुलाचें चित्र घेऊन शाळेंत कोण जाणार? ओनील यांस मात्र निराळाच साक्षात्कार झाला. आपण एका काल्पनिक पात्राचे संपादक आहोंत अशी त्यांची समजूत होती. आपल्याकडे एका लोककथेची राखण सोंपविलेली आहे हें त्यांस त्या दिवसांत कळलें, असें ते पुढें सांगत.

रात्रीं पानावर हा विषय निघाला तेव्हां आमचे धाकटे बंधु, जे वकिली करतात, ते म्हणाले, "कागदावरच्या मुलाचा खून कुठल्या कलमात बसतो ते मला दाखवा. ज्याचा जन्मच झाला नाही तो मेला काय आणि जगला काय!"

मातोश्री म्हणाल्या, "अभिमन्यूचं आख्यान ऐकताना तुझ्या डोळ्यांना धारा लागायच्या, तेव्हा कुठलं कलम होतं?" आणि थोड्या वेळानें, ताक वाढतां वाढतां, "पण अभिमन्यूला श्रोत्यांनी नाही मारला."

मातोश्रींच्या या दुसऱ्या वाक्यावर मीं पुढें पुष्कळ दिवस विचार केला. कथेंतल्या मृत्यूवर वाचकांनीं चिडणें यांत नवें कांहीं नाहीं. १८९३ च्या डिसेंबरांत कॉनन डॉइलनें शेरलॉक होम्सला धबधब्यांत लोटलें, तेव्हां वाचकांनीं त्यास रागारागाचीं पत्रें लिहिलीं, आणि अखेर १९०३ सालीं त्यास होम्सला परत आणावें लागलें. तेथें लेखकानें मारलें आणि वाचकांनीं जगविलें. येथें लेखकांनीं दोन्ही पानें तयार ठेवून वाचकांस विचारलें, आणि वाचकांनीं मारलें. पहिल्या प्रकारांतला राग लेखकावर निघतो आणि विझतो. दुसऱ्या प्रकारांतला कोणावर काढावा?

१९९२ च्या नोव्हेंबरांत सुपरमॅन मेला, त्याचें उदाहरण येथें ताडून पाहण्याजोगें आहे, पण लांबविण्याजोगें नाहीं. काळ्या पिशवींत बंद केलेला अंक, आंत दंडावर बांधावयाची काळी फीत. सुमारें साठ लाख प्रती खपल्या म्हणतात. पुष्कळांनीं पुढेंमागें भाव येईल म्हणून पिशवी न फोडतां ती कपाटांत ठेविली. ज्याच्या प्रती घरोघरीं आहेत त्यास भाव कसला येणार, हा हिशेब त्यांस मागाहून कळला. १९९३ सालीं सुपरमॅन परत आला. ज्या शोकाची पिशवीच फोडावयाची नाहीं तो शोक फार टिकला नाहीं, यांत नवल नाहीं.

जेसनचें तसें झालें नाहीं. बॅटमनच्या गुहेंत एका कांचेच्या कपाटांत त्याचा रिकामा पोषाख उभा करून ठेविला गेला, आणि पुढील कित्येक वर्षें जो जो चित्रकार ती गुहा काढी त्यास तें कपाट काढावें लागे. १९८९ सालीं टिम ड्रेक नांवाचा तिसरा मुलगा आला, पण लेखकांनीं त्यास किती जपून आणला! तो आधीं स्वतःच्या बुद्धीनें बॅटमनचें गुपित ओळखतो, बॅटमनला सोबती कां हवा हें पटवून देतो, आणि शिक्षण पुरें होईपर्यंत त्यास अंगरखा मिळत नाहीं. जणूं प्रकाशकांसहि धाक पडला होता कीं या खेपेस पोरास लोकांनीं आपलें म्हटलेंच पाहिजे. चित्रकथांच्या वाचकांत एक म्हण रूढ झाली: येथें कोणीहि कायमचा मरत नाहीं, अपवाद तीन, कॅप्टन अमेरिकेचा साथीदार बकी, स्पायडर-मॅनचे बेनकाका आणि जेसन टॉड. २००५ सालीं त्यांतले दोघे परतले. काका तेवढे शब्दाला जागले आहेत.

परतलेला जेसन मोठा आणि कडवट झालेला आहे. जड विनिक यांनीं लिहिलेल्या त्या कथेंत तो बॅटमनसमोर उभा राहतो तेव्हां त्याची तक्रार, मला वांचविलें नाहींस, अशी नसते. ती त्यानें केव्हांच माफ केली आहे. तो विचारतो, जोकर अजून जिवंत कसा? मला ही जागा अंगावर येणारी वाटली, आणि कारण कथेबाहेरचें आहे. त्या संवादांत दोषी दोनच: मारणारा आणि न मारणारा. ज्यांनीं टेलिफोन केला त्यांची त्यास वार्ताच नाहीं. तें ठाऊक आहे एकट्या वाचकास. तेव्हांचे पंधरा वर्षांचे वाचक आज पन्नाशीपलीकडे गेले. आपण कोणता क्रमांक फिरविला होता हें ते अजून सांगतात. कोणी बढाईनें, कोणी ओशाळून, आणि कोणी म्हणतात कीं वाणी आणावयास दिलेल्या पैशांतून पन्नास सेंट काढावयाचें धैर्य त्या दिवशीं झालें नाहीं, तेवढें झालें असतें तर! २०२० सालीं या कथेवर एक चित्रपट निघाला त्यांत मुलानें मरावें कीं जगावें हें पाहणारानें पुन्हां ठरवावयाचें होतें. आणि २०२३ च्या डिसेंबरांत, पस्तीस वर्षांनंतर, अपारो यांनीं काढून ठेविलेलीं तीं दुसरीं पानें घालून ४२८ वा अंक प्रकाशकांनीं नव्यानें छापला. त्यांत मुलगा जखमी आहे, पण जिवंत आहे. आमच्या नातवानें आणलेलें दुसरें पुस्तक तें हेंच. तें विकत घेणारांत बहात्तरांपैकीं कितीजण असतील कोण जाणे.

येथवर लिहिलें तें सर्व मुलानेंच मला तुकड्यातुकड्यांनीं सांगितलें, आणि मीं मागाहून पडताळून पाहिलें. पण त्याच्या पेटींत एक तिसरें पुस्तक होतें, आणि तें त्यानें बरेच दिवस बाहेर काढलें नव्हतें. तेंहि स्टार्लिन यांचेंच; १९८२ सालचें, म्हणजे त्या टेलिफोनांच्या सहा वर्षें आधींचें. नायक कॅप्टन मार्व्हल, परग्रहावरील क्री जातीचा योद्धा. पुस्तकाचें नांवच त्याच्या मृत्यूचें, तेव्हां पुढें काय होणार ही उत्कंठा पहिल्या पानाआधींच संपलेली.

पूर्वीं एका झटापटींत विषारी वायु त्याच्या अंगांत गेला होता. वर्षांनंतर त्याचें फळ कर्करोगाच्या रूपानें येतें. त्याच्या मनगटांवरील ज्या कड्यांत त्याची शक्ति आहे त्यांनींच रोग इतके दिवस दाबून धरला, आणि आतां तींच कडीं औषध लागूं देत नाहींत. सारी कथा शनीच्या टायटन नामक उपग्रहावर, रोग्याच्या बिछान्याभोंवतीं फिरते. रिक जोन्स हा त्याचा तरुण मित्र चिडतो: एवढे एवढे शास्त्रज्ञ वीर तुम्ही, या रोगाकडे आजवर कोणीच कां पाहिलें नाहीं? आणि रागावून निघून जातो. आणि मग परत येतो. क्री लोक आपल्याच माणसासाठीं फिरकत नाहींत. ज्या स्क्रल लोकांशीं तो जन्मभर लढला त्यांचा सेनापति मात्र मानाचें पदक घेऊन येतो. पर्वत उचलणारे वीर एकामागून एक खोलींत येतात आणि हातांचें काय करावें हें न कळून उभे राहतात.

स्टार्लिन यांचे वडील कर्करोगानेंच गेले होते. तें ठाऊक नसतांनाहि कळतें, कारण ती खोली ज्यानें पाहिली नाहीं त्यास ती तशी काढतां येणार नाहीं. मुलाचा मृत्यु ज्यानें पैशाला एक या भावानें वाचकांपुढें ठेविला त्याच हातानें हेंहि लिहिलें, याचा मेळ मला घालतां आलेला नाहीं. या पुस्तकाबद्दल कोणाचें मत मागविलें नव्हतें. कॅप्टन मार्व्हल अद्याप मेलेलाच आहे. मधून मधून त्याचें भूत, त्याचा तोतया, क्वचित् घटकाभर तो स्वतःहि कथांत येऊन जातो. पण कायमचा परतलेला नाहीं, आणि त्यास परत आणा असा ओरडा वाचकांनींहि कधीं फारसा केलेला दिसत नाहीं.

आमच्या थोरल्या वहिनी २०१९ सालीं याच दुखण्यानें गेल्या. त्या या मुलाच्या आजी. तिकडून तिकीट काढून निघेपर्यंत येथें सारें आटोपलें होतें, आणि नऊ वर्षांच्या मुलाची शाळा बुडवून आतां आणावयाचें कशाला, असें आम्हीं वडील मंडळींनींच टेलिफोनवरून ठरविलें. त्यास कोणी विचारलें नाहीं.

जाण्याच्या दोन दिवस आधीं त्यानें तें पुस्तक मातोश्रींच्या पुढ्यांत उघडलें. मी खिडकीशीं वर्तमानपत्र घेऊन बसलों होतों. मातोश्रींना गोष्टीचा ओघ कितपत कळला देव जाणे, पण रोगी कोणता आणि भेटावयास आलेला कोणता हें त्यांस अचूक कळत होतें. "हा कोण?" "हा आयर्न मॅन." "आणि हा? पदक घेऊन आलाय तो?" "तो शत्रू आहे, पणजी." "तरी आला," त्या म्हणाल्या.

शेवटचें पान झाल्यावर मुलानें पुस्तक मिटलें नाहीं. त्यावर हात ठेवून तो म्हणाला, "पणजी, आजीला भेटायला कोण कोण आलं होतं?"

मातोश्रींनीं वातींचें तबक बाजूस सारलें, आणि पहिल्या दिवसापासून सांगावयास सुरुवात केली.